वाट्यांची वही

गल्लीची वही माझ्याकडं आहे, एकोणीस वर्षं.
निळं रेक्झिन, आत चौकोनी रेघा,
आणि आषाढ लागला की एकच हिशोब:
उंबरे किती, वाटे किती.

नदीला नवं पाणी येतं, लालसर, गढूळ.
घाटावर पोरी घागरी भरतात,
हळदीकुंकवाची बोटं, गळ्याशी लिंबाचा डहाळा,
आणि मागून ते वाद्य सुरू होतं
ज्याला नावसुद्धा त्याच्याच आवाजाचं: पी ढबाक.
पी म्हणजे सनई. ढबाक म्हणजे उरलेलं सगळं.
त्या तालावर कुणालाच नीट नाचता येत नाही,
म्हणून सगळेच नाचतात.

मग टेंबलाईची टेकडी. पायऱ्यांवर पाणी ओतायचं,
रिकामी घागर काखेत मारून उतरायचं,
आणि सांजेला तालमीच्या शेडात
ताडपत्रीवर पळसाची पानं, पानांवर मटणाचे वाटे.
तांबडा-पांढरा हॉटेलात बाराही महिने मिळतो, बोर्ड लावून.
वाटा तसा मिळत नाही.
वाट्याला उंबरा लागतो.

त्रेचाळीस होते. आता, कुलपं सोडून, एकतीस.
इंगवल्यांनी फ्लॅट घेतला आर. के. नगरला.
मेढ्यांचं घर गेलं, तिथं झेरॉक्स आणि वर पार्लर.
नेजदारांचं तसंच उभं आहे, बंद.

त्यावरनंच यंदा मीटिंगीत वाजलं.
बाबासो म्हणाला, "बंद घराला कसला वाटा?
मांजरानं खायचा?"
बरोबरच होतं त्याचं. मी नाव खोडलंसुद्धा.
तेवढ्यात खिशात फोन वाजला:
शर्वरी नेजदार, वर्गणी, नऊशे रुपये.

कील म्हणून गाव आहे जर्मनीत, समुद्राकाठी.
तिथं जहाजांच्या रंगाच्या कंपनीत ती हिशोब बघते.
लावला फोन. "अगं, पण खाणार कोण?"
"मी मटण सोडलंय दादा, चार वर्षं झाली.
माझा वाटा बेबीजान मावशीकडं द्या,
आईच्या आजारपणात डबा तिकडूनच यायचा.
वहीत नाव मात्र आमचं राहू दे.
आणि एक कराल? पी ढबाक रेकॉर्ड करून पाठवा."

नववीत असताना तिची घागर
टाऊन हॉलच्या वळणाला निसटली होती.
तांब्याची, म्हणून फुटली नाही, पोचा पडला,
पण पाणी सगळं डांबरावर.
ती रडली नाही. नुसती उभी राहिली,
आणि मागनं येणारी एकेक पोरगी
आपल्यातलं थोडं तिच्यात ओतत गेली.
टेकडीवर पोचलो तेव्हा तिचीच घागर हिंदकळत होती.
हे तिला आठवतं का, ते मी विचारलं नाही.

मंगळवारी एका हातात छत्री, एका हातात फोन.
रात्री लावून बघतो तर सनई कुठंतरी लांब,
छत्रीवर पावसाचा ताशा,
आणि सगळ्यावर चढलेला माझाच घसा:
"सरका ओ, सरका! घागर येतीया!
ए गाडीवाले, मागं घे, दिसत न्हाई व्हय?"
लाज वाटली. तरी पाठवलं,
खाली लिहिलं, शुक्रवारी चांगलं करून पाठवतो.

पहाटे उत्तर आलं:
"चांगलं नको. हेच पाहिजे होतं.
गाडीवाला शेवटी हलला का?"

हलला नव्हता. आम्हीच वळसा घातला.

वहीत एकतीस खोडून बत्तीस केले.
नेजदार, पुढं बारीक अक्षरात, मार्फत बेबीजान.
आमचा ऋतुराज अबुधाबीला असतो.
त्यानं अजून काही विचारलेलं नाही.
त्याचा वाटा सध्या
माझ्यातच धरलाय.